परत येण्यापुरतं उणं

हे झालं २०२३ साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी संक्रांतीला माझ्या अमरावतीच्या घरात नवा देव्हारा आला, आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मी एका माणसाच्या नावानं खोटं लिहिलं.

मी अकोल्याच्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर अमरावतीला रुक्मिणीनगरात राहायला आले. येताना बरंच काही वाटून टाकलं, पण एक सागवानी दिवाण आणि एक कपाट टेम्पोत घालून सोबत आणलं. दोन्ही मोतीराम मिस्त्रींनी १९८१ साली केलेली. मोतीराम मिस्त्री डाबकी रोडला राहायचे. लाकडात लोखंड घालणं त्यांना आवडत नसे, सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी बसवत. कपाट पूर्ण झालं, पॉलिश झालं, आणि मी पाहते तर मागच्या बाजूला एका सांध्यात भोक पाडलेलं, पण खुंटी नाही.

मी म्हटलं, "मिस्त्री, ही एक राहिली वाटतं."

"राहिली नाई बाई, ठेवली." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून खुंटी काढून दाखवली आणि परत खिशात टाकली. "एक पावसाया जाऊ द्या. लाकूड फुगंल, मंग आपल्या जाग्यावर बसंल. मंग मी येतो, सगये सांधे पायतो अन् हे ठोकतो."

"आणि आत्ताच ठोकली तर?"

"मंग मी काहून येईन?" ते म्हणाले.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर ते खरंच आले. कपाटाचा प्रत्येक सांधा अंगठ्यानं दाबून पाहिला, एका दाराला रंधा मारला, शेवटी ती खुंटी ठोकली, चहा घेतला आणि गेले. ज्या ज्या घरी त्यांनी काम केलं त्या त्या घरी असंच. आमच्या भागात लोक त्याला 'मोतीरामचं उणं' म्हणायचे. काही जण हसायचे, काही जण म्हणायचे की म्हातारा परत जेवायला यायची सोय करून ठेवतो. पण त्यांच्या हातचं काम हललेलं मी पाहिलं नाही.

त्यांचा मुलगा देवानंद माझा विद्यार्थी. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला, ते मी शिकवूनही. हात मात्र बापाचा. पण तो मोठा होईपर्यंत अकोल्यात लाकडाचं काम करवून घेणारी घरं संपत आली होती. लोक दुकानातून तयार कपाटं आणू लागले. देवानंद एका दुकानात लागला. मशीनवर कापलेल्या फळ्या यायच्या, सोबत स्क्रूची पुडी आणि चित्राचा कागद. त्या फळ्या लोकांच्या घरी जाऊन जोडायच्या, एवढंच काम. पंचवीस वर्षं त्यानं तेच केलं. माझा देव्हारा त्यानं रविवारी रविवारी येऊन केला. म्हणायचा, "बाई, हप्त्यातून एक दिवस तरी लाकडाचा वास आला पायजे."

देव्हाऱ्यातही त्यानं बापाप्रमाणे एक खुंटी ठेवली होती. डाव्या बाजूच्या खांबाला, खाली. ती खुंटी त्यानं एका रिकाम्या चुन्याच्या डबीत घातली आणि डबी खिशात ठेवली.

त्या संक्रांतीला माझा भाचा पुष्कर मुक्कामाला आला होता. माझा धाकटा भाऊ रविकांत अकोल्याला वकील, त्याचा हा मुलगा. पुष्कर मुंबईला एका जहाज कंपनीत होता. या कंपनीनं तीन जुनी प्रवासी जहाजं घेतली होती. माल वाहणारी नव्हेत, श्रीमंत लोक नुसतं फिरायला जातात तसली. तिन्ही आतून उकलून नवी करायची होती. पुष्करच्या खात्याचं काम, आलेल्या पाहुण्यांना कुठे बरं वाटलं आणि कुठे नाही, ते शोधायचं आणि दुरुस्त करवून घ्यायचं. रविकांतला ते काही पटायचं नाही. "वकिलाच्या घरात जन्म घेऊन पोरगं लोकांच्या उशा दाबून पाहतं," असं तो ज्याला त्याला सांगायचा.

पुष्कर मोतीराम मिस्त्रींच्या दिवाणावर झोपला. सकाळी चहा घेताना त्यानं विचारलं, "आत्या, हा दिवाण वाजत कसा नाही?"

"म्हणजे?"

"मी कितीदा कूस बदलली. एकदाही कुरकुरला नाही. आमच्याकडे पाहुण्यांची सगळ्यात मोठी तक्रार कशाची असते, सांग बरं."

"जेवणाची असेल."

"कुरकुरीची. जहाज चालतं तशा खोल्यांच्या भिंती, कपाटं, पलंग सगळं बारीक बारीक वाजत राहतं. सोन्याचे नळ लावले तरी माणूस सकाळी उठून म्हणतो, झोप नाही झाली."

देवानंद समोर फरशीवर बसून देव्हाऱ्याच्या कमानीला पॉलिशचा बोळा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "लाकूड लाकडाले घासते तथी आवाज होते. मधात काईतरी मऊ ठेवा लागते. माहा बाप चामड्याचे तुकडे घालत जाये."

पुष्कर कप घेऊन खाली फरशीवर त्याच्याजवळ जाऊन बसला. दोघं तासभर बोलत होते. मी दोनदा जेवायला हाक मारली.

फेब्रुवारीत पुष्करचा फोन आला की गोदीत कामासाठी जी टोळी जाणार आहे तिच्यात देवानंदचं नाव घालता येईल. अर्ज इंग्रजीत हवा होता, तो मी लिहिला. देवानंदची बायको शकुन त्या दिवशी सोबत आली होती. ती म्हणाली, "बाई, हे विहिरीत वाकून पायले तरी भेतात, अन् आता दर्यात चालले."

"दर्यात कुठी वं, गोदीत," देवानंद म्हणाला. "जहाज कोरड्यावर उभं राहते."

"मंग जहाज कायले म्हनता त्याले?"

तो हसला. त्याला इतकं हसताना मी शाळेतही पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये तो दुबईकडच्या एका गोदीत गेला. तिकडून रोज संध्याकाळी व्हिडिओ पाठवायचा. लांबच लांब बोळ, छत उघडं, तारा लोंबत असलेल्या, शंभर माणसं आणि ढिगांनी निघालेले जुने गालिचे. तिथलं लाकूड लाकूड नव्हतंच. वरून सागवानासारखी दिसणारी, आतून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ फळी. आगीत पेट घेऊ नये म्हणून तशी. देवानंदला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग त्यानं तिच्याशी जुळवून घेतलं. जिथे फळीला फळी भिडते तिथे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी घालायची, हे त्यानं आधी एका खोलीत करून दाखवलं. साहेब लोकांनी भिंतीला कान लावून पाहिलं आणि सातव्या मजल्याच्या दोनशे अठरा खोल्या त्याच्या टोळीकडे दिल्या.

मे महिन्यात काम संपलं. चाचणीच्या फेरीत सातव्या मजल्यावरून कुरकुरीची एकही तक्रार आली नाही. पुष्करनं मला लिहिलं, 'आत्या, तुझ्या मिस्त्रीनं आमची सगळ्यात मोठी तक्रार संपवली.' मी तो मेसेज शेजारच्या माणिकबाईंना दाखवला, मोलकरणीला वाचून दाखवला. मला वाटत होतं की मोतीराम मिस्त्री असते तर त्यांनाही दाखवला असता.

देवानंद जूनमध्ये परत आला. दुसऱ्या जहाजाचं काम नोव्हेंबरात सुरू होणार होतं, त्या टोळीत त्याचं नाव लागणार हे धरूनच चाललो होतो आम्ही. नाव लागलं म्हणजे पुढची दोन्ही जहाजं. नाही लागलं म्हणजे परत अकोल्याचं दुकान, चित्राचा कागद आणि स्क्रूची पुडी. तो मला म्हणाला होता, "बाई, आता मले त्या फळ्या जोडनं होत नाई. होईल, पन होत नाई."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुष्करचा फोन आला. आवाज पडलेला होता.

पहिलं जहाज प्रवासाला लागलं होतं. सातव्या मजल्यावर ७२४६ नंबरच्या खोलीत एक म्हातारं जोडपं होतं. तीन दिवस भिंतीतून टिकटिक येते म्हणून त्यांनी तक्रार केली. खोली बदलून दिली, तरी त्यांनी उतरताना कागदावर लिहूनच ठेवलं. कारागिरांनी कपाट उघडलं. मागच्या फळीला सोळा स्क्रू हवेत. पंधरा होते. सोळाव्याचं भोक साफ पाडलेलं, रिकामं. तेवढा कोपरा सुटा राहून जहाजाच्या थरथरीनं भिंतीवर आपटत होता.

"टिकटिकीचं काही नाही आत्या," पुष्कर म्हणाला. "पण ती आगीच्या बंदोबस्ताची फळी आहे. तिथे स्क्रूसुद्धा मोजलेले असतात. खोली देवानंदची, शेवटची. आता त्याच्याकडून लेखी खुलासा मागितलाय, शुक्रवारपर्यंत. शुक्रवारीच दुसऱ्या जहाजाची यादी पक्की होते."

"मग?"

"मग एक ओळ लिहायची. नजरचुकीनं राहिला, पुन्हा होणार नाही. दोनशे अठरा खोल्यांत एक चूक म्हणजे काहीच नाही. ताकीद देतील, सोडून देतील. फक्त मुद्दाम केलं असं कुठे दिसायला नको. मुद्दाम म्हटलं की संपलं. मग मीही काही करू शकत नाही."

मुद्दाम हा शब्द पुष्करच्या तोंडी आला आणि मला कळलं की तो स्क्रू कुठे असेल.

गुरुवारी देवानंद सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरला आणि ऑटोनं घरी आला. आल्या आल्या देव्हाऱ्याकडे गेला. चपला काढून खाली बसला, एकेक सांधा अंगठ्यानं दाबला. "अजून दमट आहे बाई. दिवायी झाली का येतो." मग माझ्यासमोर खुर्चीवर बसला, खिशातून चुन्याची डबी काढली आणि उघडून टेबलावर धरली. आत माझ्या देव्हाऱ्याची खुंटी होती आणि तिच्या शेजारी एक चकचकीत स्क्रू.

"ठेवला होतास," मी म्हटलं.

"शेवटच्या खोलीत. सायेब म्हनला होता, सहा महिन्यानं जहाज परत येईन गोदीत. म्हनलं तवा सगया मजला पाहू, मंग हा बसवू."

"अरे, ते घर आहे का? तिथे मागची फळी कोण पाहतंय पावसाळ्यानंतर?"

"म्हनूनच त ठेवला. नाई त कोनीच नसतं पायलं."

मी पाणी दिलं. तो प्यायला नाही.

"घर उभं राहते बाई, ते माह्या ध्यानात होतं. जहाज थरथरते हे बी ध्यानात होतं. हातानं हालवून पायलं, वाजलं नाई. मले वाटलं पंधरा पुरतात." पाण्याचा पेला बाजूला सरकवून म्हणाला, "माहं चुकलं ते तथी चुकलं. त्या म्हाताऱ्याइले तरास झाला."

"देवा, पुष्कर म्हणतो नजरचुकीनं राहिला असं लिहायचं."

"नजरचुकीनं नाई राहिला."

"माहीत आहे मला. पण लिहायचं."

"काहून?"

"कारण मुद्दाम ठेवला म्हटलं तर ते तुला घेणार नाहीत. त्यांना उणं म्हणजे काय ते कसं समजणार?"

"तुमी समजावून लिवा. तुमी इंग्रजीच्या बाई. मले दोनदा नापास केलं, आता एकडाव पास करा."

मला हसू आलं नाही. मी पुन्हा तेच सांगितलं, वेगवेगळ्या शब्दांत. यादी उद्या आहे. एका ओळीचा प्रश्न आहे. चूक कोणाकडून होत नाही? शेवटी तो म्हणाला, "चूक कोनाकडूनबी होते. पन जे चुकलं नाई ते चुकलं म्हनू काय? दोनशे अठरा खोल्या, बाई. दर खोलीत दोन कपाटं, पलंग, टेबल. एक स्क्रू ढिला सापडू द्या. एक. माह्या बापाले लोक म्हनत, म्हातारा जेवाले येते. पन म्हातारा विसरते असं त्याइले कोनी म्हनलं नाई."

"आणि नाव नाही लागलं तर?"

तो टेबलावरच्या डबीकडे पाहत राहिला. त्याला ते जहाज किती हवं होतं हे मला त्या वेळी दिसलं. बोटं डबीच्या झाकणावर नुसती फिरत होती.

"लागलं पायजे," तो म्हणाला. "पन खरं लिवून लागलं पायजे. लिवा: म्या ठेवला. माह्यापाशी आहे. परत येऊन बसवीन."

मी टॅबलेट घेतला आणि त्याच्यासमोर बसून लिहिलं. खरंच मनापासून लिहिलं. मोतीराम मिस्त्री, पावसाळा, लाकडाचं बसणं, परत येण्याची रीत. माझ्या तेहतीस वर्षांतलं सगळं इंग्रजी त्यात घातलं. लिहून झाल्यावर त्याला मराठीत वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली. "हेच लिवलं ना?"

"हेच."

"मंग पाठवा."

"पुष्करला विचारून संध्याकाळी पाठवते. पत्ता तपासायचाय."

तो उठला. स्क्रू आणि खुंटी डबीत घातली आणि गाडी पकडायला निघून गेला.

संध्याकाळी मी ते पत्र पुन्हा वाचलं. मी कितीतरी निबंध तपासलेत, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात काय येईल हे मला कळतं. ते पत्र कितीही चांगलं असलं तरी त्याचं सार एवढंच होतं की कारागिरानं आगीच्या फळीतला स्क्रू जाणूनबुजून काढून खिशात ठेवला. दुबईतल्या नाहीतर मुंबईतल्या कुठल्या अधिकाऱ्याला मी मोतीराम मिस्त्री दाखवणार होते? मी पुष्करला फोन करून वाचून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत्या, छान आहे. पण हे पाठवलंस तर त्याचा दरवाजा आपण आपल्या हातानं लावला."

मी ते पुसलं आणि एक ओळ लिहिली. नजरचुकीनं राहिला, दिलगीर आहे, पुन्हा होणार नाही. खाली देवानंदचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

सोमवारी उत्तर आलं. ताकीद, आणि दुसऱ्या जहाजाच्या यादीत नाव कायम. मी देवानंदला फोनवर सांगितलं, फक्त दुसरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "पायलं बाई? खरं सांगतलं त समजतात लोक. आपुनच उगाच भेतो." मागून शकुनचा आवाज आला, "मी म्हनत नव्हती?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो रे बाबा," आणि दिवाळीला फराळाला ये म्हणाले. तो म्हणाला, दिवाळी झाली का लगेच निघा लागते, त खुंटीले आता परत आल्यावरच येतो.

पाडव्यानंतर तो गेला. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. व्हिडिओ नव्हता.

"बाई, तुमी काय लिवलं होतं?"

मागे गोदीतल्या मशीनचा आवाज येत होता. मी विचारलं, "काय झालं?"

"इथं कामाच्या पहिल्या दिवशी सगयाइले उभं केलं. सायबानं हिंदीत कागद वाचला. म्हनला, ये मिस्त्री ने खुद लिख के दिया है, भूल गया था. ऐसी भूल किसी से नहीं होना. मंग कागद भितीले चिकटवला. माह्या पाठीमागं एक पोट्टा ठेवला, मी स्क्रू बसवला का तो मोजते अन् खडूनं निशानी करते. मी म्हनलं, मी असं लिवलंच नाई. तं त्यानं मोबाईलवर दाखवलं. नाव माहंच आहे."

मग जे होतं ते मी सांगितलं. पहिलं पत्र पुसलं, एक ओळ पाठवली, तुझ्या भल्यासाठी. तो शेवटचा शब्द माझा मलाच नको वाटला.

"बरं," तो म्हणाला.

"देवा, मी पुन्हा लिहिते त्यांना. मूळ पत्र पाठवते. सांगते की ती ओळ माझी होती."

"आता पाठवलं तं दोन्ही गोष्टी होतील. विसरला बी, अन् खोटं बी बोलला." आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुमी माह्या बापाले वयखत होत्या, बाई." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

मी पुष्करला सांगितलं. पुष्कर म्हणाला, कागद तरी काढायला लावतो, आणि त्यानं तो काढायला लावलाही. पण शंभर जणांनी वाचून झाला होता. मागचा पोरगा मात्र शेवटपर्यंत मोजत राहिला, कारण तो आता नियमच झाला होता. त्या पुढच्या दिवसांत मी कितीदा टॅबलेट उघडला आणि मिटला. इंग्रजीत लिहिण्यासारखं खूप होतं, पण पाठवण्यासारखं काही नव्हतं.

तो कामाची मुदत पुरी करून फेब्रुवारीत परत आला. पंधरा दिवस मी वाट पाहिली, मग बसनं अकोल्याला गेले. डाबकी रोडला घरी फक्त शकुन होती. तिनं चहा केला, गादीवर बसवलं, माझे गुडघे कसे आहेत विचारलं. देवानंद दुकानात गेला होता. "कोणतं दुकान?" मी विचारलं. ती म्हणाली, "तेच. जुनं."

"तिसरं जहाज?"

"त्याइनं नाई म्हनून कयवलं."

मी दोन तास बसले. तो आला नाही. कदाचित खरंच काम असेल. शेवटच्या बसची वेळ झाली तशी उठले.

एप्रिलच्या सुरुवातीला शकुन एकटीच अमरावतीला आली. बहिणीकडे आली होती, म्हणाली. उठताना तिनं पदराच्या गाठीतून चुन्याची डबी काढून माझ्या हातात दिली. "त्याइनं सांगतलं, लाकूड आता बसलं असन. बाईनंच ठोकून घ्यावी. हलक्या हातानं ठोका म्हने, दोन ठोक्यात बसते."

डबीत एकटी खुंटी होती. स्क्रू नव्हता.

"तो येणार नाही?"

शकुन उंबऱ्याशी थांबली. "ते आता कुठंच उनं ठेवत नाईत, बाई. जिथलं काम तिथं पुरं करून देतात. लोक खूश आहेत. म्हनतात, मिस्त्री चांगला झाला."

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. पहिलं जहाज अजून फिरतं. त्या कपाटाला सोळावा स्क्रू तिथल्याच कोणीतरी बसवला आणि ७२४६ मध्ये आता टिकटिक होत नाही, असं पुष्कर सांगत होता. पुष्करनं ती नोकरी सोडली, तो पुण्याला एका हॉटेलात तसंच काही काम करतो. माझ्याकडे येतो तेव्हा दिवाणावरच झोपतो, पण देवानंदचं नाव काढत नाही. रविकांत मागच्या श्रावणात गेला. शेवटपर्यंत तो मुलगा उशा दाबतो असंच सांगत राहिला. तिसरं जहाज दुसऱ्या टोळीनं केलं. ते म्हातारं जोडपं कोण होतं ते मला कधी कळलं नाही. शकुन सणावाराला फोन करते. देवानंद त्याच दुकानात आहे, चित्राचा कागद पाहून फळ्या जोडतो. माझी वाढदिवसाची तारीख त्याच्या लक्षात आहे. त्या दिवशी शकुनच्या फोनवर येऊन दोन वाक्यं बोलतो, गुडघ्यांची चौकशी करतो, आणि 'बाई' म्हणतो, पूर्वीसारखंच.

देव्हाऱ्याच्या डाव्या खांबाला खाली ते भोक तसंच आहे. हातोडी माझ्याकडे आहे. दोन ठोक्यांचं काम आहे. डबी मी देवाजवळ ठेवली आहे, आणि दर दिवाळीला देव्हारा पुसताना काडीला कापूस गुंडाळून ते भोक आतून साफ करते, धूळ बसू नये म्हणून.